कानाने शिकलेला पाएया

माझ्या सासूबाई पाएया, म्हणजे स्पेनचा केशरी भात, कुणाच्या ओट्याशेजारी उभं राहून शिकल्या नाहीत. टेलिफोनवर शिकल्या.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परदेशचे कॉल जोडून द्यायचं काम. अलीकडे कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून ताटकळलेलं, पलीकडची ऑपरेटर तिकडच्या माणसाला शोधतेय, आणि मधल्या रिकाम्या वेळात तारेच्या दोन टोकांना या दोघी. स्पेनमधल्या त्या बाईचं तोंड सासूबाईंनी कधी पाहिलं नाही, नाव विचारायचंही राहून गेलं. पण 'आज काय जेवलीस?' एवढं विचारण्यापुरतं इंग्रजी दोघींकडे होतं. त्यातून पाएया आला, तोही तुकड्यातुकड्यांनी. एकदा तांदूळ, मग कधीतरी केशर, मग बरेच दिवस काहीच नाही, आणि मग एकदम दम, "पाणी घातल्यावर ढवळलंस तर माझ्याशी बोलू नकोस!" कांदा घालायचा का, हे विचारलं आणि नेमका त्याच वेळी पलीकडचा माणूस सापडला. कॉल जोडावा लागला, उत्तर राहिलं. सासूबाई कांदा घालतात. "तिने नको म्हटलं नव्हतं," एवढ्या आधारावर.

शेवटचा धडा खरवडीचा. पाएयाचा सगळा मान तळाशी धरलेल्या त्या खरपूस थराला. तो नेमका कधी झाला हे कसं ओळखायचं? वरून तर दिसत नाही. पलीकडची म्हणाली, "उकळीचा आवाज थांबतो. मग खराब लाइनवर होते तशी खरखर सुरू होते. ती ऐक. आणि खमंग वास आला की बंद कर. उशीर केलास तर कोळसा."

आम्ही सगळेच सासूबाईंना आई म्हणतो, म्हणून इथेही आईच म्हणते.

आईंचा पाएया म्हणजे घरातल्या सगळ्यांची सोय. कोंबडी चालते, कोळंबी चालते, नुसत्या शेंगा आणि ढोबळी मिरचीही चालते. माझ्या नवऱ्याला कोंबडी हवी, माझ्या नणंदेला कोळंबी आवडत नाही, आमच्या मुलीला मटारांखेरीज हिरवं काही दिसलेलं खपत नाही. मग त्या एकाच पसरट कढईत प्रत्येकाचा वेगळा पट्टा असतो. आई त्याला लाइन म्हणतात. कढई टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि ज्याने त्याने आपल्या समोरच्या लाइनीतून खायचं. दुसऱ्याच्या लाइनीत चमचा गेला की आई म्हणणार, "रॉंग नंबर."

तर त्या रविवारी हाच पाएया व्हायचा होता, आणि त्यावर आई स्वतःच्या घरात राहणार की नाही हे ठरायचं होतं.

झालं होतं असं. त्याआधी काही दिवस आईंच्या घरी दूध उतू गेलं. ज्योत विझली, गॅस चालूच राहिला. आई बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसलेल्या. खाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या घड्याळवाल्या काकांना जिन्यात वास आला, ते धावत वर आले, दार बडवलं, रेग्युलेटर बंद केला आणि माझ्या नवऱ्याला फोन लावला.

माझा नवरा विमा कंपनीसाठी जळालेल्या जागा बघून अहवाल लिहितो. काळवंडलेली स्वयंपाकघरं बघून बघून त्याला प्रत्येक शेगडी म्हणजे उद्याची बातमी वाटते. आमच्या घरी मी काही शिजत ठेवून वळले की मागच्या मागे आच बारीक झालेली असते. पाणी प्यायला आला की बटण फिरवून जातो. त्याचं त्यालाही कळत नाही, हातच तसा जातो. अशा माणसाच्या आईच्या घरात गॅस कोंडला! त्याने काही आरडाओरडा केला नाही. घरी येऊन आमच्या छोट्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, कपाट सरकवलं, आणि आईंच्या घरासाठी भाडेकरू बघायला सुरुवात केली. एक जोडपं सोमवारी जागा पाहायला येणार होतं.

त्याने आईंना हे फोनवर सांगितलं. मग आवाज आला, ऑपरेटरचा, खणखणीत.

"रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला या. पाएया करते. एकटी करते. माझ्या हातून काही चुकलं तर सोमवारी मी स्वतः बॅग उचलून तुझ्या दारात. नाही चुकलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आई, ही काय पैज लावायची गोष्ट आहे का?"

"घाबरलास?"

"आणि करपलं तर?"

"करपणं आणि खरपूस होणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने बोलू नये. ठेवते."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा नणंद आधीच आलेली होती. ती बालवाडीत शिकवते, त्यामुळे जगातल्या सगळ्यांशी ती चार वर्षांच्या मुलांशी बोलावं तशी बोलते. "आई, आपण आता छान बसायचं हं, आणि कांदा ना, मी चिरणार." आई म्हणाल्या, "आणि मग टाळ्या वाजवायच्या का?" तिच्या हातातून सुरी घेतली आणि तिला बाहेर पिटाळलं. माझ्या नवऱ्यालाही दारातच अडवलं.

"बाळ, तू बाहेर."

बाळ पन्नाशीला आलाय, पोट सुटलंय, पण घरात बाळच. तो म्हणाला, "मी नुसता बघतोय."

"तुझं नुसतं बघणं मला माहीत आहे. बघत बघत रेग्युलेटर काढून खिशात टाकशील."

तो हसला, पण हलला नाही. छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, शेगडीची नळी कुठून कुठे जाते ते बघितलं. मग बाहेर जाऊन खुर्ची अशी लावून बसला, की तिथून स्वयंपाकघराचं दार दिसेल. मला मात्र आत राहायची परवानगी मिळाली, हात न लावण्याच्या अटीवर. आणि आमच्या लेकीला. तिला घरात टिकली म्हणतात, कारण कुठेही चिकटते.

"टिकली, आज तुझी नाकाची ड्यूटी," आई म्हणाल्या. "इथे स्टुलावर बसायचं. वास बदलला की मला सांगायचं. कसला येतो तेही सांगायचं."

मला तो खेळ वाटला. टिकलीलाही.

आईंनी कोळंबीचा डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. "ताजी आहे ना गं? बघ."

मी वास घेतला. ताजी होती. पण मनात कुठेतरी खुट्ट झालं. आई आणि कोळंबी दुसऱ्याला हुंगायला देणार? कोळणीच्या टोपलीवर वाकून 'ही कालची आहे' असं सांगून आख्खा बाजार गोळा करणाऱ्या आई?

मग केशर. कोमट पाण्यात केशर टाकल्यावर आई नेहमी वाटीवर डोळे मिटून वाकायच्या, दरवेळी. म्हणायच्या, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. त्या दिवशी त्यांनी वाटी उजेडाकडे नेली, रंग पाहिला आणि ठेवून दिली.

तेल तापलं. कोंबडीचे तुकडे चुरचुरले, मग त्यांच्याच तेलात कांदा, किसलेला टोमॅटो, लाल मिरचीची धुरावलेली पूड. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आईंनी मागे न बघता विचारलं, "टिकली, रिपोर्ट?"

"टोमॅटोचा! आणि शेकोटीचा."

"शेकोटीचा म्हणजे जळका?"

"नाही, छान शेकोटीचा."

"मग तांदूळ टाकू या," आई म्हणाल्या. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला मागून दिसला. खेळ नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

हिवाळ्यात आईंना वाईट ताप आला होता. त्यानंतर त्यांनी जेवणाबद्दल बोलणंच सोडलं होतं, मीठ कमी का जास्त एवढंच. आम्ही म्हटलं, अशक्तपणा. दूध उतू गेलं त्या दिवशी म्हणाल्या, कोड्यात गुंतले होते. खाली काकांना वास आला आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या बाईला आला नाही, याचं आमच्यापैकी एकालाही नवल वाटलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या वयाकडे बघत बसलो होतो.

मी जवळ गेले. आवाज अगदी खाली आणला. "आई, तापापासून का?"

त्यांनी झारा थांबवला नाही. तांदूळ कढईभर सारखा पसरला, केशराचं पाणी फिरवलं, कोंबडीच्या हाडांचं गरम पाणी अंदाजाने ओतलं. मग म्हणाल्या, "लाइन बिझी आहे. नंतर बोल."

"आई..."

"त्याला सांगणार आहेस?"

बाहेर तो बसलाय, त्याची भीती खोटी नाही. गॅसचा वास न येणारी बाई एकटी राहते, हे मला कळलं आणि मी गप्प बसले, आणि उद्या काही झालं तर? पण सांगितलं तर पाएया होण्याआधीच निकाल लागला. म्हटलं, "तुमचं तुम्हीच सांगा. पण सांगा."

"जेवण झाल्यावर," आई म्हणाल्या. "एकदा कढई टेबलावर जाऊ दे."

त्यांनी शेंगा, मिरच्या, मटार, कोळंबी ज्याच्या त्याच्या लाइनीत मांडली. उकळी आली. आता ढवळणं बंद. त्या अधूनमधून कड्या धरून कढई थोडी फिरवत होत्या, कारण बर्नर एक आणि कढई भलीमोठी. मग बटणाला हात घातला, हळूहळू फिरवलं आणि मध्येच थांबल्या.

"हे बघून ठेव. हे बटण पार टोकाला न्यायचं नाही. तिथे ज्योत मरते आणि गॅस वाहतो. याच्या अलीकडे थांबायचं. बाळला किती वेळा म्हटलं, माणूस पाठव, बघून जाईल. बघू म्हणाला."

मग मला म्हणाल्या, "टेबलावर टाकायला कापड आण. माझ्या खोलीत आहे, पलंगाखालच्या पेटीत."

मी वाकले. पेटीशेजारी बॅग होती. निळी, प्रवासाची. चेन अर्धी लागलेली, वर आईंचा चष्म्याचा डबा, औषधांची पिशवी, शब्दकोड्यांचं पुस्तक. खाली घड्या घातलेले कपडे. भरून तयार. फोनवर इतक्या तोऱ्यात बोलणारी बाई पैजेआधीच बॅग भरून बसली होती. मी कापड काढलं, चेन पूर्ण लावली. का लावली, काय माहीत.

बाहेर आले तर आईही आल्या होत्या, हातात ताटं. "आता त्याचं ते शिजेल. टिकली, तू नाक घेऊन तिथेच बस." पण नणंद म्हणाली, "टिकली, आपण आता हात धुवायचे ना? छान साबण लावून?" आणि तिला घेऊन मोरीकडे गेली. स्वयंपाकघर रिकामं झालं. आतून उकळीचा आवाज येत होता, एकसारखा, घोगरा, झोपेत बडबडणाऱ्या माणसासारखा.

नवरा उठला. "पाणी घेऊन येतो."

तो आत गेला. फ्रीज उघडल्याचा आवाज, बाटलीचा आवाज. आला, ग्लास भरले. मला ते खटकायला हवं होतं. नाही खटकलं. माझं सगळं लक्ष आईंच्या चेहऱ्याकडे होतं.

सगळे टेबलाभोवती बसलो. मग नवऱ्याने घसा साफ केला.

"आई, पाएया छानच होणार. त्याबद्दल वाद नाही. पण एक दिवस छान झाला म्हणजे..."

"म्हणजे आता अटी बदलणार?"

"अटी नाहीत गं. ते जोडपं चांगलं आहे. दोघं नोकरी करतात, स्वयंपाक फारसा करतही नाहीत..."

"माझ्या स्वयंपाकघरात स्वयंपाक न करणारी माणसं! वा."

"दादा, आपण आधी जेवू या ना," नणंद म्हणाली.

"जेवल्यावर ही हसण्यावारी नेणार. चिमे, तुला ठाऊक आहे मी रोज काय बघतो? गेल्याच आठवड्यात एका घरात..."

आईंनी हात वर केला, पंजा उघडा. एक्स्चेंजमध्ये तसाच करत असणार. नवरा वाक्याच्या मध्येच थांबला.

"गप्प."

"आई, मी काही वाईट..."

"गप्प बस म्हटलं ना! आवाज गेला."

आम्ही ऐकू लागलो. मला काहीच वेगळं वाटेना. मग लक्षात आलं, ती घोगरी बडबड थांबली होती. पण खरखर नव्हती. नुसता एक बारीक, सरळ, फुसफुसणारा आवाज, सायकलच्या चाकातून हवा जावी तसा. तोही लक्ष दिलं म्हणून ऐकू आला.

आई उठल्या. या वयात इतक्या झटकन उठताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही मागोमाग. दारातच माझ्या नाकात तो वास शिरला, कुजक्या लसणासारखा. नणंदेने टिकलीला मागे ओढलं आणि तोंडावर रुमाल धरला. आई त्या वासाच्या मधोमध उभ्या होत्या. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, खिडकीची दोन्ही दारं ढकलली. मग वळल्या.

"वास येतोय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"आई," नणंद रडवेली झाली, "अगं हे काय! पुन्हा तेच! आम्ही सगळे घरात असताना..."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शेगडीकडे बघत होता. बटणाकडे. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, जसा काही तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. त्याला हवं होतं ते सगळं त्याच्यापुढे वाढून ठेवलेलं होतं. बहिणीने निकालही देऊन टाकला होता. त्याने फक्त गप्प राहायचं होतं.

तेवढ्यात खालून, खिडकीतून, घड्याळवाल्या काकांचा आवाज आला. "ऑपरेटरबाई! अहो पुन्हा का? येऊ का वर?"

नवरा खिडकीशी गेला. वाकला. एकदा आईंकडे पाहिलं.

"नको काका," तो ओरडला. "आईचं काही नाही. या वेळी मी केलं."

"काय केलं?"

"बटण मी फिरवलं! बंद केलंय. या नका, जिन्यातली खिडकी तेवढी उघडा."

खाली काका काहीतरी पुटपुटले. 'सगळं घराणंच' एवढं ऐकू आलं.

नवरा वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. "पाणी घ्यायला आलो आणि... आच मोठी वाटली. मी नुसती बारीक केली. मला कळलंही नाही गं."

"टोकाला नेलंस," आई म्हणाल्या. रागाने नाही. "या बटणाला टोक चालत नाही."

"मी माणूस पाठवणार होतो."

"होतास."

बस, एवढंच. मला वाटलं आता आई म्हणणार, जिंकले मी. म्हणायला जागा होती. आत्ता गप्प राहिल्या, तर मलाच बोलावं लागणार होतं, आणि या घरात ते मला कायमचं जड गेलं असतं. आईंनी ओट्याला टेकून एकदा कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला वास येत नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "तापापासून. कशाचाच नाही. ना दुधाचा, ना गॅसचा, ना या केशराचा."

नणंदेने रुमाल खाली घेतला. टिकली म्हणाली, "म्हणून माझी नाकाची ड्यूटी होती?"

"म्हणून तुझी ड्यूटी."

"का नाही सांगितलंस?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "आई, एवढी मोठी गोष्ट!"

"सांगितलं असतं तर तू इस्त्रीचं टेबल तेव्हाच हलवलं असतंस."

ते खरं होतं.

वारा येत राहिला. पडदा आत-बाहेर होत होता. आम्ही पाचही जणं त्या अरुंद स्वयंपाकघरात नुसती उभी. वास पुरता गेला की नाही, हे नवऱ्याने कोपऱ्याकोपऱ्यात वाकून पाहिलं, ओट्याखाली, सिलिंडरमागे, आणि प्रत्येक वेळी मान वर करून आईंकडे बघत 'नाही' म्हणून सांगितलं. सांगायची गरज आता कळली होती.

"मग आता पाएया?" टिकलीने विचारलं.

आईंनी झाऱ्याच्या टोकाने कडेचा एक दाणा उचलून चावला. "मध्ये टणक आहे. वरचं पाणी आटलंय, खालचं अजून आहे. बिघडलाही नाही, झालाही नाही." त्यांनी लायटर उचलला. मग नवऱ्यापुढे धरला. "पेटव."

"मी?"

"तूच विझवलास."

त्याने पेटवलं. आईंनी त्याचं बोट बटणावर ठेवून नेमकं कुठे थांबायचं ते दाखवलं. हळूहळू ती घोगरी बडबड परत आली, मग पातळ झाली, मग तुटक. कुणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. बडबड थांबली.

"बंद करू?" नवरा.

"नाही. आता आच मोठी कर."

"मोठी?" आयुष्यभर बारीक करणारा माणूस. त्याने आईंकडे असं बघितलं, की मला हसू आलं आणि रडूही.

"मोठी कर आणि ऐक."

सुरुवातीला एकच टिचकी वाजली. मग दोन-तीन. मग कढईच्या तळाशी सगळीकडून बारीक खरखर उठली, खरंच, जुन्या टेलिफोनवर लांबचा कॉल लागताना व्हायची तशी.

"हीच का?" तो कुजबुजला.

"हीच. थांब. टिकली, रिपोर्ट?"

"पावाचा! भाजलेल्या पावाचा!"

"अजून थोडं."

"आई, बास," नवरा म्हणाला.

"अजून."

"आई!"

"आता."

त्याने बटण बंद केलं आणि दोन्ही हात ओट्यावर टेकून उभा राहिला, मैलभर धावून आल्यासारखा.

पाएया काही आईंचा सगळ्यात चांगला नव्हता. मध्येच आच गेल्याने वरचा तांदूळ थोडा मऊ पडला. खरवड मात्र धरली होती, तांबूस, कुरकुरीत, उलथण्याने खरवडताना आवाज करणारी. फक्त एका लाइनीत काळी झाली, कारण या सगळ्या गोंधळात कढई फिरवायची राहिली. ती लाइन नेमकी माझ्या नवऱ्याची. त्याने ती मुकाट्याने खाल्ली. मी माझ्यातलं द्यायला गेले, तर आई म्हणाल्या, "रॉंग नंबर."

जेवण झाल्यावर बॅग मीच बाहेर आणली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. नवरा तिच्याकडे बघत राहिला.

"भरलीसुद्धा होतीस?"

"पैज लावली होती. हरले तर धावपळ नको." आईंनी बॅग पायाशी ओढली. "आणि तसं बघितलं तर हरलेच. लपवलं, ते चुकलंच माझं."

"मीही हरलो," तो म्हणाला. मग त्याने कामाचा आवाज काढला, अहवाल लिहितानाचा. "ज्योत विझली की आपोआप गॅस बंद होतो, अशी शेगडी मिळते. मी लोकांना रोज लिहून देतो, अशी बसवा म्हणून. आणि गळतीचा अलार्म. वाजतो जोरात, तुला ऐकू येईल."

"ऐकू तर तुझ्यापेक्षा जास्त येतं."

"ते बसेपर्यंत आमच्याकडे चल. त्याआधी इथे एकटी नाही. आणि नाकाच्या डॉक्टरकडे जायचं. यावर वाद नको."

"आणि ते जोडपं?"

त्याने खिशातून फोन काढला आणि बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "एजंट त्यांना दुसरी जागा दाखवेल."

आई आमच्याकडे आल्या, निळी बॅग आणि मांडीवर कढई घेऊन, कारण नवी शेगडी कढईच्या मापाची हवी होती. दुकानात त्यांनी एकेक शेगडी पेटवायला लावली आणि खाली वाकून कान दिला. दुकानदार माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाला, "आजी शेगडी घेताहेत की रेडिओ?" छोट्या खोलीत त्या राहिल्या तेवढे दिवस इस्त्रीचं टेबल बाहेरच होतं, आणि खोली रिकामी झाल्यावर आम्हालाच ओकंबोकं वाटलं. डॉक्टर म्हणाले, वास कदाचित परत येईल, कदाचित नाही.

नवी शेगडी आणि अलार्म बसवून आई परत गेल्या, त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे फोन वाजला. टिकलीने घेतला आणि बाबांकडे दिला. नवऱ्याने कानाला लावला. "हॅलो? हॅलो, आई?" पलीकडून कुणी बोलेना. त्याचा चेहरा उतरायला लागला आणि मग एकदम थांबला. त्याने आम्हाला हाताने गप्प केलं, पंजा उघडा धरून.

आईंनी रिसीव्हर कढईशेजारी ठेवला होता.

तो ऐकत उभा राहिला. आम्ही त्याच्याकडे बघत. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "आई, आता बंद कर."

पलीकडून आवाज आला. मलाही ऐकू आला, इतका खणखणीत.

"अजून थोडं."